सहा सूत की सात सूत

देवगड तालुक्यातल्या आमच्या बागेकडे जाणारी वाट शेवटी जांभ्याच्या कातळावरून उतरते, आणि पहिल्या पावसाने त्या कातळावर शेवाळ धरले की नुसत्या मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेली गाडी तिथे जागच्या जागी चाके फिरवत राहते. वडिलांनी याच कारणासाठी चारही चाकांना ड्राइव्ह असलेली पिकअप घेतली होती. तिच्यातून शेणखत गेले, आंब्याच्या पेट्या आल्या, फवारणीचे पंप आणि माणसे गेली, आणि वाडीतल्या एका लग्नाचा अख्खा मांडवही गेला. तिचे इंजिन अजून तक्रार करीत नाही. तक्रार आहे ती ब्रेकची. अधिक नेमके सांगायचे तर ब्रेकचे सुटे भाग मिळवण्याची, आणि मिळालेला भाग खरोखर आपल्याच गाडीचा आहे हे ठरवण्याची. यांतले दुसरे काम पहिल्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे, असे माझे मत गेल्या काही वर्षांत पक्के झाले आहे.

कोकणातले हवामान ब्रेकला दोन तऱ्हांनी खाते. खाऱ्या हवेने लोखंडी नळ्या, हवा काढण्याचे निपल आणि हँडब्रेकची केबल गंजते, तर पावसाळ्यात तांबडा चिखल चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या ड्रममध्ये शिरून आतल्या सगळ्या हलत्या भागांवर लेप चढवतो. ब्रेक ऑईलच्या दाबाने चाकाजवळ ब्रेक लावतो तो व्हील सिलिंडर. त्याच्या दोन्ही तोंडांवर रबरी टोप्या असतात; त्या चिरल्या की पाणी आत जाते, बिडाच्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांवरून मागेपुढे सरकणारी रबरी वाटी हळूहळू कातरली जाते. मग सिलिंडर पाझरू लागतो, ब्रेक ऑईल लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर, उतरते, आणि ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते. आमच्या गाडीची कथा इथूनच सुरू झाली, आणि ती सुरू होण्यात आश्चर्य काहीच नव्हते. इतकी वर्षे तो सिलिंडर टिकला हेच नवल.

कणकवलीतल्या एका जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानात मी गाडीचे नाव, मॉडेल आणि नोंदणीचे साल सांगून मागचा व्हील सिलिंडर मागितला, तेव्हा गल्ल्यावरच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “जुनो खंय आसा? नुसत्या नावान पार्ट गावना नाय. जुनो काढून हाडा.” हे दुकानदाराचे आढेवेढे नव्हते. जुन्या गाडीच्या बाबतीत आरसीवरचे नाव ही फार ढोबळ ओळख असते, हे त्यांना माहीत होते.

याची कारणे गाडीच्या जन्मापासून सुरू होतात. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या चार-चाकी ड्राइव्हच्या गाड्या कुठे ना कुठे जीपच्या कुळाशी जाऊन मिळतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली, आणि ती गाडी अमेरिकन असल्यामुळे तिची सगळी मापे इंचांतली होती. पुढे भारताने मेट्रिक पद्धत स्वीकारली, गाड्यांचे आराखडे बदलत गेले, तरी काही भाग इंचातले, काही मिलिमीटरमधले अशी सरमिसळ पुष्कळ वर्षे चालत राहिली. त्यात पुन्हा ब्रेकचे भाग गाडीचा कारखाना सहसा स्वतः बनवीत नाही. ते ब्रेक बनवणाऱ्या वेगळ्या कंपन्यांकडून येतात. चेन्नईची ब्रेक्स इंडिया ही कंपनी १९६२ साली इंग्लंडच्या गर्लिंगच्या तंत्रसहकार्याने सुरू झाली, आणि म्हणून आमच्या भागातले म्हातारे मिस्त्री अजून ‘गर्लिंगचा सिलिंडर’ असे म्हणतात. एकाच मॉडेलला मधल्या काळात पुरवठादार बदलला की सिलिंडर बदलतो, मागच्या पट्टीवरची भोके बदलतात, आणि गाडीचे नाव मात्र तेच राहते. शिवाय आमच्यासारख्या गाडीने दोन-तीन गॅरेजे पाहिलेली असतात. मधल्या एखाद्या दुरुस्तीत हाती आला तो भाग कोणी बसवला असेल, तर आज जुना भाग बदलताना आपण कारखान्याने बसवलेल्या मूळ भागाची जोडी शोधतो आहोत की त्या मिस्त्रीच्या सोयीची, हे माप घेतल्याखेरीज कळत नाही.

म्हणून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याची सरकती पट्टी. व्हील सिलिंडरचे आतले भोक हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. गॅरेजात अजूनही इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत असे मोजतात. पाऊण इंची सिलिंडर हा सहा सुताचा, सात अष्टमांश इंचाचा तो सात सुताचा. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर १९.०५ आणि २२.२२. बाहेरून हे दोन सिलिंडर इतके सारखे असू शकतात की दोन्ही एकाच पट्टीवर, त्याच बोल्टांनी, कुरकुर न करता बसतात. अंगावर माप ओतलेले असले तर बरे, पण गंजाखाली ते पुष्कळदा गेलेले असते.

फरक मात्र साधा नाही. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पेडलने निर्माण केलेला दाब नळीतून सगळीकडे सारखाच पोहोचतो. सतराव्या शतकात पास्कलने मांडलेला नियम तो हाच. चाकाजवळ किती जोर मिळणार हे मग तिथल्या पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरते. सहा सुताच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ०.४४ चौरस इंच, सात सुताच्याचे ०.६०. म्हणजे एक सूत वाढले की जोर छत्तीस टक्क्यांनी वाढतो. हे ऐकून कोणालाही वाटेल की मग सात सुताचाच बसवावा, ब्रेक चांगला लागेल. पण तो मागच्या चाकांना बसवला तर मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होतात, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम झालेल्या रिकाम्या पिकअपचे शेपूट बाजूला फिरते. शिवाय मोठ्या पिस्टनला सरकवायला तेल जास्त लागते, त्यामुळे पेडल अधिक खाली जाते. आणि एका बाजूला सहा सूत, दुसऱ्या बाजूला सात सूत असे झाले, तर जोताला एक दमदार आणि एक मरतुकडा बैल जुंपल्यासारखी गत होते. गाडी प्रत्येक ब्रेकला एकाच दिशेने वळते आणि चालकाला नकळत स्टिअरिंग उलटे धरण्याची सवय लागते. म्हणून एक सिलिंडर गेला तरी दोन्ही बदलावेत, एकाच मापाचे, एकाच बनावटीचे. याला काटकसरीच्या नावाखाली पुष्कळ लोक विरोध करतात. मला तो विरोध पटत नाही.

काकांच्या दुकानात अखेर योग्य मापाची जोडी निघाली, आणि ती निघाली माळ्यावरच्या पिवळ्या पडलेल्या खोक्यातून. जुन्या मालाची ही दुसरी गंमत. कंपनीचा, न वापरलेला, मेणकागदात गुंडाळलेला भाग पाहिला की गिऱ्हाईक हरखून जाते. पण बिडाचा सिलिंडर खोक्यात वर्षानुवर्षे टिकतो, रबर टिकत नाही. ते कडक होते आणि त्याची कड मरते. असा जुना माल अवश्य घ्यावा, मात्र तो उघडून आतल्या भिंतीवर नख फिरवून पाहावे, आणि बसवण्यापूर्वी वाट्या नव्या रबर किटमधून घालाव्यात. तेही ब्रेक ऑईलमध्ये बुडवून. ग्रीस किंवा इंजिन ऑईल लावून नव्हे, कारण खनिज तेलाने हे रबर फुगते, आणि फुगलेल्या वाट्यांचा ब्रेक दाबल्यावर लागतो तसा सोडल्यावर सुटत नाही.

ब्रेक ऑईलबद्दल किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी थोडे अधिक बोलले पाहिजे. नेहमीचे डॉट ३ आणि डॉट ४ हे द्रव ग्लायकॉलच्या जातीचे असतात आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतात. मानकाप्रमाणे ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तो १४० पर्यंत उतरला तरी मानकाला चालते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. पेट्या भरून फोंडा घाटाने कोल्हापूरला जायचे आणि परतताना तिकडून भरलेली गाडी घेऊन तोच घाट उतरायचा, तर उतारावर ड्रम आणि डिस्क किती तापतात याचा अंदाज चाकाजवळ हात नेला तरी येतो. पाणी मुरलेले तेल तिथे उकळते, नळीत वाफ धरते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल पोकळ होते. गाडी खाली येऊन थंड झाली की पेडल पुन्हा नेहमीसारखे, त्यामुळे मिस्त्रीला दोष सापडत नाही आणि पेडलजवळचा मास्टर सिलिंडर उगाच बदलला जातो. दुकानात अर्धी वापरून बूच लावून ठेवलेली बाटली कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. छोटी, सीलबंद बाटली घ्यावी आणि दोन वर्षांनी सगळे तेल बदलावे.

नळ्यांचे प्रकरण तर मला सिलिंडरपेक्षाही घातक वाटते, कारण तिथे ‘बसते आहे ना’ हा निकष अगदी सहज फसवतो. जुन्या इंची पद्धतीच्या नळीच्या नटाचा व्यास तीन सूत, म्हणजे ९.५२ मिलिमीटर, आणि इंचाला चोवीस आटे. मेट्रिक नट दहा मिलिमीटरचा, आट्यांमधले अंतर एक मिलिमीटर. आटे जवळजवळ सारखे असल्यामुळे इंची नट मेट्रिक भोकात सैलसर का होईना, आत शिरतो आणि पाना लावल्यावर घट्ट झाल्याचा भासही देतो. जोरात ब्रेक दाबला की नळीतला दाब दर चौरस इंचाला हजार पौंडांच्या घरात जातो, आणि तेव्हा ते अर्धे धरलेले आटे सोलून निघू शकतात. आमच्या गाडीत पुढच्या बाजूला एक पद्धत आणि मागे दुसरी आहे. हे कळल्यापासून आटे मोजण्याची पत्ती मी पान्यांच्या पेटीत कायम ठेवतो. नळीच्या टोकाची घडीही दोन प्रकारची असते, दुहेरी घडी आणि बुडबुड्यासारखी गोल घडी, आणि एकीच्या जागी दुसरी कितीही आवळली तरी पाझरते.

मूळ नळी पोलादाच्या पत्र्याचा दुहेरी वेढा तांब्याने सांधून केलेली असते. ती चासीवर जिथे चिमट्यात धरलेली असते तिथेच चिखल साचतो, आणि गंज बरोबर त्या चिमट्याखाली लागतो, वरून नळी काळी कुळकुळीत दिसत असताना. ती फुटली की आमच्याकडे फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी घालण्याची पद्धत आहे. तांबे वाकवायला सोपे आणि गंजत नाही, हे खरे. पण सततच्या कंपनाने ते कडक होते आणि मग तडकते. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळी हा त्यावरचा योग्य उपाय आहे. हाच धातू जहाजांवर खाऱ्या पाण्याच्या नळांसाठी वापरतात, यावरून किनाऱ्यावरच्या माणसाने काय ते ओळखावे. ती तालुक्याच्या गावात मिळत नाही. मुंबईहून मागवावी लागते, आणि खासगी बसच्या ड्रायव्हरच्या हाती आलेले ते वेटोळे पहाटे हायवेवर उभे राहून उतरवून घ्यावे लागते.

शहरांतल्या बाजारांची आपापली खासियत आहे. पुण्याच्या नाना पेठेत नव्या सुट्या भागांची दुकाने रांगेने आहेत. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडलेल्या गाड्यांचे भाग मिळतात. जुना हब, स्टब किंवा ड्रम कुर्ल्याहून आणायला माझी हरकत नाही, कारण लोखंड मोजता येते, तपासता येते. जुना सिलिंडर किंवा जुना रबरी होज मात्र फुकट दिला तरी नको. चार-चाकी ड्राइव्हच्या गाडीला या बाजारांत एक वेगळा त्रास होतो. दुकानातल्या मुलाच्या डोळ्यांसमोर त्याच नावाची, पण दोन-चाकी ड्राइव्हची गाडी असते, कारण शंभरातल्या बहुतेक गाड्या तशाच. पुढच्या चाकांनाही ड्राइव्ह असेल तर हब, बेअरिंग आणि डिस्क बसण्याची सगळी रचना बदलते, म्हणून पुढचा भाग मागताना ‘पुढे ड्राइव्ह आहे’ हे वाक्य गाडीच्या नावाआधी उच्चारलेले चांगले. मागचे भाग बऱ्याचदा दोन्हींना सारखे असतात, आणि तेवढाच काय तो दिलासा.

लायनरच्या बाबतीत मात्र बाहेर जाण्याची गरज मला वाटत नाही. जुन्या शूवर नवा लायनर रिव्हेटने मारून देणारे कारागीर अजून मोठ्या गावांत आहेत, आणि चांगला कारागीर रिव्हेटचे डोके लायनरच्या पृष्ठभागाखाली किती खोल गेले हे बोटाने पाहतो. लायनरच्या कडेवर छापलेली दोन इंग्रजी अक्षरे वाचण्याची सवय लावून घ्यावी: पहिले अक्षर थंड असतानाची आणि दुसरे तापल्यानंतरची पकड सांगते. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्याही वर. दोन्ही अक्षरे एफ असलेला लायनर घाटासाठी पुरेसा. पहिले अक्षर चढे आणि दुसरे उतरते असेल, तर तो लायनर गावात उत्तम आणि फोंड्याच्या निम्म्यावर निरुपयोगी. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, म्हणून ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवणाऱ्या मुलाला थांबवून त्याच्या हाती ओले फडके द्यावे. तो हसतो. हसू द्यावे.

ड्रम खरवडायला आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात देतो. ओतकाम आणि लेथ यांत त्या गावाचा हात धरणारे जवळपास कोणी नाही. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास ओतलेला असतो, त्याच्या पलीकडे खरवडायला तिथला चांगला कारागीर स्वतःच नकार देतो. मला अशा नकाराची किंमत भागाच्या किमतीपेक्षा अधिक वाटते.

आता त्या भागाविषयी, ज्याचे नाव घेतल्यावर निम्मे दुकानदार खांदे उडवतात. पिकअपच्या मागच्या धुरीजवळ, म्हणजे ॲक्सलजवळ, एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी धुरीला जोडलेली असते. गाडीत वजन भरले की हौदा खाली बसतो, दांडी वळते, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, म्हणजे हलकी मागची चाके जाम होत नाहीत. इतकी साधी आणि इतकी शहाणी युक्ती, पण तिच्या नशिबी उपेक्षा आहे. व्हॉल्व्ह गंजून पाझरू लागला की नवा मिळत नाही, मग मिस्त्री तो काढून नळी सरळ जोडून देतो. भरलेली गाडी चांगली थांबते, मालक खूश होतो. तीच गाडी रिकामी, पावसात, वळणावर ब्रेक दाबला की मागून घसरते, आणि दोष टायरला दिला जातो. याच्या उलट प्रकार आंब्याच्या हंगामात होतो. जास्त पेट्या मावाव्यात म्हणून स्प्रिंगपाट्यांत एक जादा पान घालतात; मग वजन भरले तरी हौदा पूर्वीइतका खाली बसत नाही, व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते, आणि ऐन भाराच्या वेळी मागचे ब्रेक निम्म्याने काम करतात. सगळा भार पुढच्या पॅडवर येतो, ते घाटात तापतात, आणि पॅड लवकर झिजतात म्हणून लोकल मालाला शिव्या पडतात. आमच्या गाडीतही ते जादा पान होते. ते काढले, दांडीची लांबी पुस्तकातल्या मापाला आणली, आणि जे भाग शोधायला निघालो होतो त्यांतले पुढचे पॅड शोधण्याची गरजच पुष्कळ कमी झाली.

असेच एकदा पेडल दगडासारखे कडक झाले, तेव्हा सगळ्यांनी बूस्टर, म्हणजे निर्वाताच्या जोरावर पेडल हलके करणारा भाग, बिघडल्याचे सांगितले. डिझेल इंजिनाला बूस्टरसाठी लागणारा निर्वात पुरेसा मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आणि आमच्या गाडीत तो डायनामोच्या पाठीला जोडलेला आहे. पंपाची पाती झिजली होती. ब्रेकचा तो भाग शेवटी इलेक्ट्रिशियनकडे मिळाला.

या सगळ्यात जुगाडाला माझा सरसकट विरोध नाही. हौद्याचे बिजागर, दरवाजाचे कुलूप, काचेची मूठ, हॉर्नची तार यांना आमच्या गाडीत जे जे जोडले आहे ते पाहून कारखान्यातला इंजिनिअर रडेल. खालच्या गिअरला चारही चाकांवर इंजिनाचा ब्रेक मिळतो, म्हणून बागेच्या वाटेवर ब्रेकशिवायही भागते, हे मला ठाऊक आहे, आणि याच भरवशावर कित्येक गाड्या वर्षानुवर्षे अर्ध्या ब्रेकवर चालतात. पण डांबरी रस्त्यावर पुढची ड्राइव्ह सोडावी लागते, तिथे समोर एसटी असते, शाळेची मुले असतात. तिथे माप चुकलेला भाग चालणार नाही.

सध्या हँडब्रेकची केबल तेवढी राहिली आहे. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीच्या, मागे प्रॉपेलर शाफ्टवर लागत असे आणि त्याला चाकापर्यंत केबलच लागत नसे. आमच्या गाडीत तो मागच्या चाकांवर लागतो, आणि दोन केबलींपैकी डावी नळीच्या आत गंजून धरली आहे. मिळते ती दोन-चाकी ड्राइव्हच्या गाडीची. ट्रान्सफर केसला वळसा घालायचा असल्यामुळे ती आम्हाला आखूड पडते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग असते आणि तिथे हँडब्रेक पाहतात, त्यामुळे फार थांबताही येणार नाही. जुनी केबल सोडवून, दोन्ही टोके आणि बाहेरच्या नळीची लांबी मोजून कोल्हापूरला एका केबल बनवणाऱ्याकडे दिली आहे. आतली तार स्टेनलेसची घालता येईल का, असे त्याला विचारले आहे, आणि तो पुढच्या आठवड्यात सांगणार आहे.